खेळांतील यश आणि विद्यालयाचें शील

विद्यालयाच्या खेळाचा इतिहास म्हणजे त्यानें जिंकलेल्या ढालींची यादी, असा एक सोपा समज आहे. परंतु विद्यालय म्हणजे धंदेवाईक मल्लांचा आखाडा नव्हे. ढाल कशी मिळविली, आणि ती मिळवितांना कशावर पाणी सोडलें, हेंही तेथें पाहावें लागतें. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बास्केटबॉलची कथा या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे.

आमच्या वाचकांस मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज परिचित आहे. तें ज्या जेझुइट पंथीयांनीं १८६९ सालीं स्थापिलें, त्याच पंथाच्या धर्मगुरूंनीं १८५५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एक लहानशी शाळा काढली होती. तिचें कॉलेज झालें. १९०६ च्या भूकंपांत व आगींत तें भस्मसात् झालें. पुन्हां उभें राहून १९३० सालीं त्यास विद्यापीठाचें आजचें नांव मिळालें. विद्यार्थी थोडे आणि द्रव्य त्याहून थोडें. बास्केटबॉलसाठीं स्वतःचें क्रीडागृहही नव्हतें. सराव हायस्कुलाच्या क्रीडागृहांत चाले. तरीही १९४९ सालीं पीट न्यूएल या शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेल्या संघानें न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेंत शिकागोच्या लोयोला विद्यापीठावर ४८ विरुद्ध ४७, म्हणजे अवघ्या एका गुणानें, मात केली.

या विद्यापीठाच्या शीलाची पहिली मोठी परीक्षा मात्र दुसऱ्याच खेळांत झाली. १९५१ सालीं त्याच्या फुटबॉल संघानें नऊच्या नऊ सामने जिंकले. वर्षअखेरच्या मोठ्या सामन्याचें निमंत्रण हवें असेल तर संघांतील दोन कृष्णवर्णीय गडी मागें ठेवावे, अशी सूचना त्यास मिळाली. सोबत्यांनीं ती साफ झिडकारली. निमंत्रण हुकलें, आणि खर्च झेपेना म्हणून फुटबॉल संघही त्याच हंगामानंतर बंद करावा लागला.

हेंच वळण बास्केटबॉलमध्यें उतरलें. ओकलंडच्या शाळेंतून आलेल्या बिल रसेल या सुमारें पावणेसात फूट उंचीच्या मुलास दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठानें शिष्यवृत्ति देऊं केली नव्हती. बचाव करणाऱ्यानें पाय जमिनीवरच ठेवावे, असें त्या काळचे शिक्षक सांगत. रसेल उंच उडी मारून प्रतिपक्षाचा चेंडू हवेंतच अडवी. त्याच्या जोडीस के. सी. जोन्स होता, आणि फिल वुलपर्ट हे शिक्षक होते. वुलपर्ट यांनीं मैदानावरील पांचांत तीन कृष्णवर्णीय खेळाडू उतरविण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं. १९५४ च्या डिसेंबरांत ओक्लाहोमा सिटी येथील हॉटेलानें त्यांस जागा नाकारली, तेव्हां साराच संघ एका रिकाम्या विद्यार्थिगृहांत जाऊन राहिला. त्याच महिन्यापासून १९५६ च्या डिसेंबरपर्यंत या संघानें लागोपाठ ६० सामने जिंकले. १९५५ सालीं अंतिम सामन्यांत ला साल या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाचा त्यानें ७७–६३ असा पराभव केला, आणि १९५६ सालीं आयोवाचा ८३–७१ असा. त्या वर्षीं २९ पैकीं एकही सामना न गमावतां तो राष्ट्रीय विजेता ठरला. हें तोंवर कोणासही साधलें नव्हतें. बास्केटखालील पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करणें नियमकर्त्यांस भाग पडलें, यावरून रसेलचा दरारा कळावा. १९५८ सालीं विद्यापीठाचें स्वतःचें क्रीडागृहही उभें राहिलें.

परंतु कीर्तीची चटक वाईट. १९७७ सालीं या संघानें हंगामाचे पहिले २९ सामने ओळीनें जिंकले. पण याच सुमाराच्या वर्षांत धनिक हितचिंतकांनीं खेळाडूंस गुपचूप पैसे पुरविण्याचा प्रघात पडला होता. क्रीडासंघटनेनें विद्यापीठास दोनदां शिक्षा केली, तरी तो थांबेना. शेवटीं, संघाचा अग्रगण्य खेळाडू न केलेल्या कामाबद्दल दरमहा १००० डॉलर घेत होता, असें उघडकीस आलें. तेव्हां २९ जुलै १९८२ रोजीं अध्यक्ष फादर जॉन लो शियाव्हो यांनीं बास्केटबॉल संघच बंद केल्याचें जाहीर केलें. कोणी तसा हुकूम केला नव्हता. ज्या खेळानें विद्यापीठाचें नांव देशभर केलें, तोच त्यांनीं आपण होऊन थांबविला.

यांत निरपराध खेळाडूंवर अन्याय झाला नाहीं काय? झाला, त्यांस दुसरीकडे वाट शोधावी लागली. इतर विद्यापीठें दोष झांकून जिंकतच राहिलीं, हाही आक्षेप खोटा नाहीं. तथापि विद्यार्थ्यांस सत्य शिकविणाऱ्या संस्थेनें असत्याच्या बळावर टाळ्या मिळवाव्या, याहून मोठा अन्याय तो कोणता? तीन हंगाम मैदान ओस पडलें. १९८५ सालीं खेळ पुन्हां सुरू झाला. राष्ट्रीय स्पर्धेंत हा संघ १९९८ सालीं आणि मग २०२२ सालीं दिसला, पण १९५६ चें वैभव परत आलें नाहीं.

याला कोणी अपयश म्हणतील. आम्ही म्हणत नाहीं. लहान संस्थेस धनाचें वा संख्येचें बळ नसतें. तिचें बळ ती कशास नाहीं म्हणते यांत असतें. १९५१ सालीं विद्यार्थ्यांनीं नाहीं म्हटलें, १९८२ सालीं अध्यक्षांनीं. विजयाच्या ढाली इतर विद्यापीठांकडे याहून पुष्कळ असतील. असे नकार मात्र फार थोड्यांच्या इतिहासांत सांपडतील.