महाबोधिसत्त्वाच्या खिंडींतील तरवार

रक्तपातानें भरलेल्या चित्रपटांत बौद्ध विचार शोधणें म्हणजे वाळू रगडून तेल काढणें होय, असें पुष्कळांस वाटतें. परंतु किहाचि ओकामोतो यांनीं १९६६ सालीं दिग्दर्शित केलेल्या एका जपानी चित्रपटाविषयीं तरी हा आक्षेप टिकणार नाहीं. त्याचें मूळ नांवच ‘दाइबोसात्सु तोगे’, म्हणजे महाबोधिसत्त्वाची खिंड, असें आहे.

ज्या कादंबरीवरून तो निघाला ती नाकाझातो काइझान यांनीं १९१३ सालीं वृत्तपत्रांतून लिहावयास घेतली. मधून मधून खंड पडत ती १९४१ पर्यंत चालली, आणि १९४४ सालीं लेखकाच्या निधनानें अपुरीच राहिली. तिला महायानी कादंबरी हें नांव काइझान यांनींच दिलें, व तींतून आपणांस कर्माचें मंडल दाखवावयाचें आहे असें सांगितलें. तेव्हां हा विचार टीकाकारांनीं मागाहून चिकटविलेला नव्हे.

कथा १८६० पासूनच्या अशांत काळांतली आहे. आपला भार नातीवर पडूं नये म्हणून एक वृद्ध यात्रेकरू खिंडींत मरणाची प्रार्थना करतो. त्सुकुए ऱ्यूनोसुके हा सामुराई ती ऐकतो व त्यास तेथेंच ठार करतो. त्याच्या मुद्रेवर द्वेष दिसत नाहीं, लोभही दिसत नाहीं. मग निर्विकार चित्तानें केलेला वध निष्पाप मानावयाचा काय?

हा प्रश्न पोकळ नाहीं. झेन पंथ व खड्गविद्या यांची सोयरीक जपानांत जुनी आहे, आणि १९३० नंतरच्या युद्धकाळांत कित्येक धर्मगुरूंनीं तिच्या आधारें संहारास आशीर्वाद दिले. तरुणपणीं रशिया-जपान युद्धाविरुद्ध कविता लिहिणाऱ्या काइझान यांनीं मात्र १९४२ सालीं सरकारपुरस्कृत लेखकसंघांत जाण्याचें नाकारलें.

चित्रपटाचें उत्तर त्याच्या अखेरीस मिळतें. ऱ्यूनोसुकेला आपण मारलेल्यांच्या छाया दिसूं लागतात, आणि तो पडद्यांवरच वार करीत सुटतो. येथें न्यायाधीश नाहीं, यमदूतही नाहींत. कर्त्याच्या चित्तांतच कर्म पिकलें आहे. अंगुलिमालानें बुद्धाचा शब्द ऐकला व तो थांबला. ऱ्यूनोसुकेलाही शिमादा नांवाच्या खड्गगुरूनें मनाच्या शुद्धीविषयीं बजावलें होतें. तो हादरला, पण थांबला नाहीं. म्हणूनच लढाई चालू असतांना चित्र एकाएकीं गोठतें, तेव्हां त्याच्या हातची तरवार खालीं आलेली आपणांस दिसत नाहीं.