वाटाड्या आणि चाक : ल्वारकाठच्या सायकलसहलीचा इतिहास

प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार शिकवताना प्रवासी आणि पर्यटक यांच्यातील भेद आपण हटकून सांगतो. प्रवासी स्वतःची वाट स्वतः शोधतो, पर्यटकाला ती आखून दिलेली असते, अशी ही ढोबळ मांडणी. वाटाड्यासोबत केलेली अनेक दिवसांची सायकलसहल मात्र या मांडणीला अडचणीत आणते. सहलीला आलेल्या माणसाला चढावर स्वतःच पायडल मारावे लागते, पाऊस आला तर भिजावे लागते. परंतु कुठे वळायचे, कुठे थांबायचे आणि थांबल्यावर काय पाहायचे हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते. श्रम स्वतःचे आणि अर्थ दुसऱ्याने लावलेला, असा हा संमिश्र व्यवहार आहे. तो कसा घडत गेला हे पाहण्यासाठी फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

आरंभ मात्र इंग्लंडपासून करावा लागतो. ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे 'बायसिकल टुरिंग क्लब'ची स्थापना झाली. तीनचाकी चालवणाऱ्यांनाही सामावून घेण्यासाठी १८८३ मध्ये तिचे नाव 'सायक्लिस्ट्स टुरिंग क्लब' झाले. या संस्थेने गावोगावी आपले प्रतिनिधी नेमले, सदस्यांसाठी सवलतीच्या दरात उतरण्याची ठिकाणे ठरवली आणि धोक्याच्या उतारांवर सावधगिरीच्या पाट्या लावल्या. रेल्वेने ओस पाडलेले घोडागाड्यांचे रस्ते आणि त्यांच्या काठच्या खानावळी यांना सायकलमुळे पुन्हा माणसांची चाहूल लागली. वाटाड्या अजून प्रत्यक्ष सोबत नव्हता, पण पाटी, यादी आणि नकाशा यांच्या रूपाने तो रस्त्यावर उभा राहिला होता.

साहित्याच्या अभ्यासकांना याच काळातील दुसरी एक घटना अधिक महत्त्वाची वाटेल. लेखिका एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल आणि त्यांचे चित्रकार पती जोसेफ पेनेल यांनी १८८४ साली दोघांनी मिळून चालवायच्या तीनचाकीवरून लंडन ते कँटरबरी असा प्रवास केला आणि पुढील वर्षी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. या प्रवासात त्यांचा वाटाड्या होता चॉसर. १८८८ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले; त्यात त्यांनी लॉरेन्स स्टर्नच्या १७६८ सालच्या प्रवासकथेचा माग काढत फ्रान्सचे रस्ते पालथे घातले होते. म्हणजे सायकलवरील स्वच्छंद भटकंती म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तिच्या मुळाशीच एक आधी वाचलेली संहिता होती. चाक नवे होते, वाट मात्र वाचनातून मिळालेली होती.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' ही समान चाकांची सुरक्षित सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि सायकल धाडसी तरुणांपुरती राहिली नाही. १८९० साली इंग्लिश संस्थेच्या धर्तीवर 'तूरिंग क्लब द फ्रान्स'ची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धापूर्वीच तिची सदस्यसंख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. रस्त्यांवरील दिशादर्शक फलक, प्रवासमार्गांची आखणी, खेड्यांतील हॉटेलांच्या स्वच्छतेचा आग्रह अशी तिची कामे होती. 'पाहण्याजोगा फ्रान्स' घडवण्यात या मध्यमवर्गीय संस्थेचा वाटा मोठा आहे. त्याच सुमारास सेंतेत्येन येथील पॉल द व्हिव्ही हा 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने आपल्या नियतकालिकातून सायकल-पर्यटनाचा प्रचार करीत होता. 'सिक्लोतुरिझ्म' या फ्रेंच शब्दाचे श्रेयही त्यालाच दिले जाते. प्रौढी मिरवण्यासाठी पायडल मारू नये, हा त्याने घालून दिलेल्या नियमांपैकी एक. चढावर उपयोगी पडणाऱ्या बदलत्या गिअरचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. उलट १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणाऱ्या आंरी देग्रांझला गिअर म्हणजे दुबळेपणा वाटे. त्या शर्यतीत बदलत्या गिअरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. वेग आणि पाहणे या दोन मूल्यांचा हा झगडा होता. शर्यतीतला स्वार रस्ता जिंकतो, सहलीतला स्वार तो वाचतो, असे व्हेलोसिओच्या भूमिकेचे सार सांगता येईल.

परंतु वाचायला वेळ लागतो, आणि वेळ ही त्या काळी सर्वांच्या मालकीची गोष्ट नव्हती. कारखान्यातील कामगाराकडे सायकल आली होती, पण ती घर ते कारखाना या वाटेपुरती. हे चित्र १९३६ मध्ये बदलले. मे महिन्याच्या निवडणुकीत पॉप्युलर फ्रंट विजयी झाली, देशभर संपांची लाट उसळली आणि जूनमध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. चाळीस तासांचा आठवडा त्याच सुमारास आला. क्रीडा आणि विरंगुळा यांचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांझ यांनी रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगार आयुष्यात प्रथमच आपला गाव सोडून बाहेर पडले. कोणी रेल्वेने गेले, कोणी सायकलने. आणि दोघांनी मिळून चालवायची टँडेम सायकल हे त्या उन्हाळ्याचे प्रतीक होऊन बसले. एकाच प्रकारचे स्वेटर घालून टँडेमवर निघालेली जोडपी छायाचित्रांत आणि आठवणींत कायमची राहिली.

चार वर्षांनी हेच रस्ते निराळ्या कारणाने भरून गेले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसकडे सरकू लागले तेव्हा लक्षावधी माणसे दक्षिणेकडे पळाली. मोटारी, बैलगाड्या, बाबागाड्या आणि सायकली. ल्वार नदी ओलांडली की आपण वाचलो, ही त्या लोंढ्याची आशा होती. सरकारही काही दिवस तूर शहराच्या परिसरात मुक्कामाला होते. नदीवरचे पूल उडवण्यात आले. सोम्यूरच्या घोडदळ-विद्यालयातील प्रशिक्षणार्थींनी अपुऱ्या शस्त्रांनिशी नदीचा काठ दोन दिवस लढवला. तूरमध्ये लागलेल्या आगीत शहराचा मध्यभाग आणि त्यासोबत नगरग्रंथालय भस्मसात झाले. सुमारे दोन लाख ग्रंथ जळाले, त्यांत मध्ययुगीन हस्तलिखिते आणि मुद्रणकलेच्या आरंभकाळातील दुर्मीळ पुस्तके होती. बाल्झाकच्या जन्मगावाची ही कथा आहे.

याहून विलक्षण गोष्ट पुढची. १९४२ मध्ये व्हिशी राजवटीने रिओं येथे खटला भरून पराभवाचे खापर ब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर फोडण्याचा प्रयत्न केला. पगारी रजा आणि कमी तास यांमुळे राष्ट्र ऐदी झाले, असा आरोपाचा सूर होता. ब्लुम यांनी आपल्या बचावात त्या टँडेमवरच्या जोडप्यांचाच दाखला दिला. कष्टाच्या अंधाऱ्या आयुष्यात आपण थोडा उजेड आणला, याचे समाधान त्यांनी न्यायासनासमोर निर्भयपणे बोलून दाखवले. म्हणजे सायकलसहल ही केवळ करमणुकीची बाब नव्हती. तिचा हक्क कोणाला, या प्रश्नाने एकदा खुद्द न्यायालयात हजेरी लावलेली आहे. खटला राजवटीवरच उलटू लागल्याने एप्रिलमध्ये तो स्थगित करण्यात आला.

आज याच नदीकाठाने 'ल्वार आ व्हेलो' नावाचा सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोपीय मार्गाचा तो पश्चिमेकडील भाग. सन २००० मध्ये युनेस्कोने सुली-स्युर-ल्वार ते शालोन या टप्प्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याआधी १९९६ मध्ये ल्वार-आंझू-तूरेन हे प्रादेशिक निसर्गोद्यान स्थापन झाले होते. संघटित सहलींचा साचा साधारण ठरलेला असतो : आठवडाभराचा कार्यक्रम, दिवसाला चाळीस ते साठ किलोमीटर, पुढे वाटाड्या, सर्वांत मागे मागे पडणाऱ्यांना सांभाळणारा दुसरा, आणि सामान घेऊन संध्याकाळच्या मुक्कामी आधी पोहोचणारी गाडी. थकलेल्याला गाडीत बसता येते. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी तर वयाची आणि दमाची अटही सैल केली आहे. आळशीपणा म्हणून याला हसणाऱ्यांनी देग्रांझ आणि गिअर यांची गोष्ट आठवावी.

खरा प्रश्न दमाचा नाही, निवडीचा आहे. शाँबोरचा राजवाडा आणि त्याभोवतीचे उद्यान घ्या. पहिल्या फ्रान्स्वाने १५१९ मध्ये सुरू केलेल्या या वास्तूत तो स्वतः सगळे मिळून काही आठवडेच राहिला. उद्यान पाच हजार चारशे हेक्टरहून मोठे, त्याला बत्तीस किलोमीटर लांबीची भिंत. सायकलस्वाराला तिथे शांतता, ओक वृक्ष आणि नशीब असेल तर हरीण दिसते. पण ती भिंत राजाच्या शिकारीसाठी होती. शिकारीचा विशेषाधिकार ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री क्रांतीने रद्द करण्याचे ठरवले तेव्हा शेतकऱ्यांच्या जुन्या तक्रारींपैकी एक दूर झाली. आपण ज्याला निसर्गरम्य म्हणतो ते बहुधा कोणाला तरी दूर ठेवून राखलेले असते. १९३० मध्ये शाँबोर राज्यसंस्थेच्या मालकीचे झाले आणि १९३९ मध्ये लूव्र संग्रहालयातील चित्रे, 'मोनालिसा'सह, सुरक्षिततेसाठी प्रथम तिथेच हलवण्यात आली.

शेर नदीवरचा शनाँसो हा महाल असाच. द्यान द प्वातिए आणि कातेरीन द मेदिसी या दोन स्त्रियांच्या स्पर्धेची कथा सांगून होते, आणि ती रंजक आहेच. पण कातेरीनने पुलावर बांधलेल्या त्याच लांब दालनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी ही व्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधली सीमा बनली, तेव्हा दालनाचे एक दार एका फ्रान्समध्ये आणि दुसरे दार दुसऱ्या फ्रान्समध्ये उघडत होते. त्या दालनाने काहींना निसटण्याची वाट दिली. आंब्वाझच्या सज्जाखाली उभे राहून लिओनार्दोच्या अखेरच्या वर्षांविषयी ऐकावे. १५६० मध्ये त्याच सज्जावरून ह्युगेनॉट बंडखोरांची प्रेते लोंबत होती हेही ऐकावे. नदीच्या मुखाजवळचे नाँत १५९८ च्या सहिष्णुतेच्या फर्मानासाठी प्रसिद्ध आहे. १७९३-९४ मध्ये कारिएच्या आज्ञेने तिथे हजारो कैद्यांना याच नदीत बुडवून मारले गेले, आणि त्याआधी अठराव्या शतकभर गुलामांच्या व्यापारातील फ्रान्सचे सर्वांत मोठे बंदर हेच होते. त्या स्मृतीसाठी धक्क्यावर २०१२ मध्ये स्मारक उभे राहिले. सहलीचा दिवस तिथे संपवायचा की नाही, हे वाटाड्या ठरवतो.

या संदर्भात मुंबईहून निघालेल्या एका निराळ्या प्रवासाची आठवण होते. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती मार्च १९२८ मध्ये पूर्ण केली. इराणची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन. पुढे वाटाड्या नाही, मागे सामानाची गाडी नाही. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. तरीही केवळ वाटाड्या नव्हता म्हणून त्यांचा प्रवास 'अस्सल' आणि ल्वारकाठचा आठवडा 'नकली', असा निवाडा करणे घाईचे ठरेल. साडेचार वर्षे काढता येणे ही गोष्टही सर्वांच्या वाट्याला येत नाही. दोन आठवड्यांची रजा मिळालेल्या माणसाला आखलेली वाट हीच जग पाहण्याची एकमेव संधी असू शकते. १९३६ च्या कायद्याचा अर्थ तोच होता.

म्हणून वाटाड्या असावा की नसावा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याने काय सांगावे, हा मुख्य. आपण वर्गात टीपा देतो, उतारे निवडतो, काही पाने वेळेअभावी गाळतो. एकशेवीस विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची त्या ग्रंथाशी होणारी भेट आपल्या निवडीपुरतीच राहणार असते. सुंदर उतारे तेवढे दाखवून पुढे नेणे सोपे असते आणि तास आनंदात जातो. पण बाल्झाकच्या 'युजेनी ग्रांदे'मधले सोम्यूर केवळ टुमदार नाही. तिथे कंजूष बापाच्या सोन्याखाली एक मुलगी आयुष्यभर दबलेली आहे. ते गाळले तर कादंबरी उरत नाही, गावाचे वर्णन तेवढे उरते. चांगला वाटाड्या राजवाड्यासमोर सायकल थांबवतो, तशीच जळालेल्या ग्रंथालयाच्या जागीही थांबवतो. तिथे पाहण्यासारखे काही नसते, म्हणूनच ते कोणीतरी सांगावे लागते.