कालव्याच्या काठाने, पांदणीच्या वाटेने
वर्धा जिल्ह्यातल्या सायकलवाटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जानेवारी 1978 मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. तिसऱ्या जगातल्या गरिबांच्या उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानावर तिथे परिषद भरली होती आणि तिचं उद्घाटनाचं भाषण त्यांनी केलं. गांधीजींच्या बापूकुटीत बसून सुचलेले विचार त्यांनी त्यात मांडले. ते भाषण आजही वाचलं जातं. त्याआधी, 1973 मध्ये, ऊर्जा आणि समता या विषयावर त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला होता. त्यातला मुख्य दाखला सायकलीचा आहे. सायकलवरचा माणूस पायी चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि तेवढ्याच अंतरासाठी त्याच्या एक पंचमांश ऊर्जा खर्च करतो. उलट मोटार घेण्यासाठी, पोसण्यासाठी आणि तिचे हप्ते फेडण्यासाठी खपलेले तास हिशेबात धरले, तर अमेरिकन माणसाच्या मोटारीचा खरा वेग ताशी आठ किलोमीटरही भरत नाही, असं गणित त्यांनी मांडलं. एका मजकुरात कुटी आहे, दुसऱ्यात सायकल. हे दोन्ही सहसा वेगवेगळे वाचले जातात. वर्ध्यात राहून ज्याला आपल्या विषयाकडे वळायचं आहे त्याने ते एकत्र वाचावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपला विषय म्हणजे मोटारींची वर्दळ नसलेल्या, सायकलीला सोयीच्या ग्रामीण वाटा. युरोपात या अभ्यासाला बरीच वर्षं झाली. इंग्लंडमध्ये बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी कालव्यांच्या काठाने पायवाटा बांधल्या होत्या. बोटींचा व्यापार बुडाल्यावर त्याच वाटा चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या झाल्या. ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामधल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर 1979 ते 1986 या काळात टप्प्याटप्प्याने सायकलमार्ग झाला. त्यामागे 1977 मध्ये ब्रिस्टलच्या नागरिकांनी सुरू केलेली चळवळ होती. आपल्याकडचा अभ्यासक हे वाचतो आणि लगेच म्हणतो, आमच्याकडे असं काही नाही. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. वर्धा जिल्ह्यात अशा वाटा भरपूर आहेत. त्या सायकलीसाठी कुणी बांधल्या नाहीत, म्हणून सायकलवाट या नावाखाली त्यांची कुठे नोंद नाही. पाणी पोचवायला, बंडी वावरात न्यायला, कापूस ओढायला त्या झाल्या. मूळ कारण सापडलं की वाट सापडते. या अभ्यासाची सुरुवात तिथून होते.

कालव्यापासून सुरुवात करू. हिंगणीजवळचं बोर धरण 1965 चं. तिथून निघणाऱ्या कालव्याचं पाणी सेलू तालुक्यातल्या शेतांना मिळतं. त्याशिवाय महाकालीजवळ धाम, आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा, समुद्रपूरच्या बाजूला पोथरा आणि लाल नाला असे प्रकल्प आहेत. मोठ्या कालव्याच्या एका काठावर पाहणीसाठी गाडी जाईल एवढा रस्ता ठेवलेला असतो आणि दुसरा काठ बहुधा अरुंद असतो. पाणी आपल्या उताराने वाहायला हवं, म्हणून कालवा जमिनीची समपातळी धरून वळसे घेत जातो. किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेंटिमीटर उतार त्याला पुरतो. सायकलवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की चढ नाही, उतार नाही, पण अंतर मात्र वाढतं. डांबरी रस्त्याने पाच किलोमीटरवर असलेलं गाव कालव्याने आठावर जाऊ शकतं.

कालव्याचा काठ सायकलीला सोयीचा ठरण्याचं दुसरं कारण मातीचं. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर कालव्याचं अस्तरीकरण थेट केलं तर ते फुटतं. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. अस्तराच्या आणि काळ्या मातीच्या मध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर द्यावा, ही त्यांची पद्धत कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यांवर वापरली गेली. काठावरच्या रस्त्यालाही हीच माती नडते, म्हणून आपल्याकडे त्यावर मुरूम टाकलेला असतो. शेजारच्या वावरात पाय घोट्यापर्यंत रुतत असताना कालव्यावरून सायकल जाते ती या मुरुमाच्या जिवावर.

कागदावर हा रस्ता सलग दिसतो, प्रत्यक्षात तो तुटतो. नाला आला की कालव्याचं पाणी जलसेतूवरून पलीकडे जातं; रस्ता मात्र अलीकडेच संपतो. मग काठावरून उतरायचं, बेशरमाच्या झुडपातून पुढचं चाक आधी घालायचं, नाल्यातल्या दगडांवरून सायकल उचलून न्यायची आणि समोरच्या काठाची घसरण चढायची. अशा प्रत्येक जागेची नोंद व्हायला हवी. कुठे दोन सिमेंट पाइप टाकले तर भागेल, कुठे जुनी फरशी आहे पण वाहून आलेल्या गाळाखाली दबली आहे, एवढं लिहून ठेवलं तरी पुढच्याचं काम निम्मं होतं. काठाचा रस्ता जलसंपदा विभागाचा आहे, फाटकं उघडण्याचा अधिकार कालवा निरीक्षकाचा आहे आणि पाणीपाळी सुरू असताना तिथली पहिली गरज शेतकऱ्याची आहे. सायकलवाला तिथे पाहुणा. ही जाणीव नसेल तर या अभ्यासात पडू नये.

पांदणीचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि मला अधिक जवळचा. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंना धुरे, बाभळी, बोरी, मधे बंडीच्या दोन चाकोऱ्या. गावनकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. जागेवर गेलं तर त्यातले कित्येक फूट नांगराखाली गेलेले दिसतात. वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. धुऱ्यावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. विदर्भातल्या अभ्यासकाच्या हाती आणखी दोन कागद आहेत, जे पश्चिम महाराष्ट्रात सहसा सापडत नाहीत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेल्या या नोंदींमध्ये गुरं कुठून जातील, पाणी कुठून भरायचं, कुणाच्या शेतातून वहिवाट आहे, हे गावाच्या रूढीप्रमाणे लिहिलेलं असतं. वाटांच्या इतिहासाचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. त्यांचा सायकलवाटांसाठी कुणी नीट उपयोग केलेला माझ्या पाहण्यात नाही. नव्या अभ्यासकाने इथे हात घालावा.

पुलगाव ते आर्वी या पस्तीस किलोमीटरच्या जुन्या नॅरोगेज मार्गाबद्दल थोडक्यात सांगतो. 1917 मध्ये तो कापसासाठी सुरू झाला. ब्रिस्टलचं उदाहरण वाचलेल्या माणसाला इथे सायकलमार्ग दिसू लागतो. पण आर्वीकरांना तिथे ब्रॉडगेज हवी आहे आणि ती मागणी रास्त आहे. रेल्वेची जमीन आधी रेल्वेची. मात्र नवा मार्ग झाला तर त्याच्या कडेने सायकलीला जागा ठेवता येईल का, हा प्रश्न आराखड्याच्या वेळीच विचारायचा असतो.

मोठ्या रस्त्यांनी हा विषय तातडीचा केला आहे. बुटीबोरी–वर्धा–यवतमाळ हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 361 चा भाग आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. त्यावर दुचाकीला आणि सायकलीला बंदी आहे. ती बंदी योग्यच आहे. पण असा रस्ता शिवार कापत जातो तेव्हा काही पांदणी बोगद्यातून पार होतात आणि काहींना वळसा पडतो. कोणत्या गावाला किती वळसा पडला, याची मोजणी गावोगाव झाली पाहिजे. याच मातीतून मार्च 1951 मध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले होते. त्या काळच्या वाटांपैकी आज चालत किंवा सायकलीने सुरक्षित जाण्याजोग्या किती उरल्या, हेही तपासण्याजोगं आहे.

वाटेचं पंचांग ठेवल्याशिवाय नकाशा अपुरा राहतो. जुलै ते सप्टेंबर पांदण विसरावी. ओली काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरतच नाही आणि पराटीच्या काडीने ती उकरत बसावं लागतं. ऑक्टोबरपासून सराटे वाळतात आणि ट्यूबमध्ये शिरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ: कालव्याला गहू-हरभऱ्याचं पाणी, काठावर सावली. याच दिवसांत कापसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर वाटेवर असतात, म्हणून वर्दळ मोजायची तर याच महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर बाहेर पडू नये. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या लगतच्या गावांत पहाटे आणि तिन्हीसांजेला कालव्यावर जाऊ नये. वन विभागाच्या आणि गावकऱ्यांच्या सांगण्याबाहेर तर मुळीच नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कडेला तारा लावलेल्या असतात, त्यांना हात लावू नये.

वर्दळ म्हणजे काय, हेही ठरवून घ्यावं लागेल. तासाला दोन ट्रॅक्टर आणि शेळ्यांचा एक कळप असलेली वाट मी निवांत मानतो. तासाला एकच पण भरधाव टिप्पर असलेली वाट मानत नाही. वाहनांची संख्या, त्यांचा वेग आणि वाटेची रुंदी, तिन्ही लिहावं. सोबत वाट वापरणारे कोण, तेही लिहावं. सुटीच्या सकाळी शहरातून येणारे सायकलपटू सहज डोळ्यांत भरतात. रोज वापरणारे वेगळेच असतात: डबा हँडलला अडकवून वावरात जाणारा मजूर, दूध घालणारा, आणि शाळेत जाणाऱ्या मुली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण गाव ते शाळा ही वाट ट्रकांच्या रस्त्यावरून जाते की कालव्याच्या काठाने, यावर ती सायकल दाराशी उभी राहणार की चालणार हे ठरतं. माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर मुलींना आणि त्यांच्या आयांना विचारल्याशिवाय मिळत नाही. कुठे पथदिवा हवा, कुठे दारूचं दुकान आहे, कुठे वाट एकटी पडते, हे त्या नेमकं सांगतात.

तेव्हा या विषयात येणाऱ्याने आधी भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावच्या नकाशाची नक्कल काढावी. तहसिलीतून वाजिब-उल-अर्जची नक्कल मागावी. मग दोन्ही घेऊन गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर दुहेरी तुटक रेषा पायी तपासावी. सायकल दुसऱ्या दिवशी न्यावी, आणि जिथे नकाशा व शिवार जुळत नाहीत तिथे कोतवालाला सोबत घेऊन धुऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या कास्तकारांशी बोलावं.