वाट कोणीं कोणास द्यावी?

सायंकाळीं सहाच्या सुमारास पुण्याच्या एकाद्या चौकांत पांच मिनिटें उभें राहावें आणि समोर काय चाललें आहे तें शांतपणें पाहावें. कचेऱ्या नुकत्याच सुटलेल्या असतात. तांबडा दिवा लागतो, आणि मोटारींच्या रांगांमधील फटींतून दुचाक्या एकामागून एक पुढें सरकूं लागतात. पाहतां पाहतां पांढऱ्या पट्ट्यांवर त्यांची दाटी होते. ज्या पट्ट्यांवरून पायीं जाणारानें जावयाचें, त्यांवरच चाकें उभीं! हिरवा दिवा लागण्यापूर्वींच मागून हॉर्नचा गजर सुरू होतो. कोपऱ्यावर एक वृद्ध गृहस्थ हातांत पिशवी धरून उभे असतात. ते एक पाऊल पुढें टाकतात आणि पुन्हां मागें घेतात. दिवे दोनदां पालटतात. गृहस्थ तेथेंच असतात.

हें दृश्य मीं अनेकदां पाहिलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर त्या दाटींत स्कूटरवर बसून मीही पुष्कळदां होतों. आज आपणांपुढें मांडावयाचा विषय म्हणजे या गर्दीचा थोडासा इतिहास. रस्ता एक आणि जाणारे अनेक. तेव्हां वाट कोणीं कोणास द्यावी? हा प्रश्न आजकालचा नाहीं. तो जवळजवळ चाकाइतकाच जुना आहे.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनींही त्याचा विचार केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत वाट कोणास द्यावी याची एक यादीच दिली आहे. रथांत बसलेला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, विद्या पुरी करून आलेला स्नातक, राजा आणि नवरदेव, इतक्यांस वाट द्यावी असें तेथें सांगितलें आहे. हे सारे एकत्र आले तर स्नातक व राजा यांचा मान पहिला. आणि त्या दोघांतही राजानें स्नातकाचा मान राखावा! त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आज मान्य होण्यासारख्या नाहींत, आणि त्या मान्य करण्याचें कारणही नाहीं. परंतु ही यादी मास्तराच्या नजरेनें पुन्हां वाचून पाहावी. वृद्ध, रोगी, ओझेकरी यांना चटकन् बाजूस होतां येत नाहीं. भरधाव रथही जागच्या जागीं वळत नाहीं. मानापमानाचा भाग सोडून दिला, तर खालीं उरतें तें साधें तत्त्व असें कीं, ज्यास सरणें कठीण त्यास वाट द्यावी.

आतां दूरच्या इंग्लंडकडे वळूं. वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या गाड्या सडकांवर येऊं लागल्या, तेव्हां १८६५ सालीं तेथील पार्लमेंटनें एक कायदा केला. अशा गाडीनें खेड्यापाड्यांतून ताशी ४ मैलांहून व शहरांत ताशी २ मैलांहून अधिक वेगानें जातां कामा नये. शिवाय गाडीच्या ६० यार्ड पुढें तांबडें निशाण घेतलेला एक मनुष्य चालला पाहिजे, असें त्यांत होतें. पुढें या कायद्याची पुष्कळ थट्टा झाली, आणि १८९६ सालीं नव्या हलक्या मोटारगाड्यांना त्यांतून मोकळीक मिळून ताशी १४ मैलांची मर्यादा आली. थट्टा होण्याजोगें त्यांत होतेंही. तथापि त्या निशाणवाल्याचें पुढें चालणें एक गोष्ट सांगत होतें. जो बलवान् आणि वेगवान् आहे, त्यानें इतरांच्या जिवाची काळजी वाहावयाची. निशाणवाला घरीं गेला, आणि पाहतां पाहतां ती जबाबदारी पायीं चालणाराच्या डोक्यावर येऊन पडली. आतां त्यानेंच डावीउजवीकडे पाहून जीव सांभाळावयाचा.

याच सुमारास यंत्राची दुचाकी जन्मास आली. जर्मनींत गोट्लीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या जोडीनें १८८५ सालीं एका लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें छोटें यंत्र बसविलें. ती पडूं नये म्हणून दोहों बाजूंस दोन लहान चाकेंही लावावीं लागलीं. १८९४ पासून म्युनिक येथें हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं विक्रीसाठीं अशीं वाहनें बनविण्यास आरंभ केला. आपल्याकडे आवाजावरून तिला 'फटफटी' हें नांव मिळालें. या वाहनाची गोम अशी कीं, त्याचा वेग मोटारीचा, परंतु त्यावर बसणाराचें अंग मात्र पादचाऱ्याइतकेंच उघडें. म्हणून फटफटीवाला दुहेरी भूमिकेंत असतो. ट्रकपुढें तो दुबळा, आणि सायकलीपुढें बलवान्.

ही दुहेरी भूमिका एका प्रसिद्ध अपघातांत स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत नांवाजलेला टी. ई. लॉरेन्स हा फटफटीचा मोठा षोकी होता. १३ मे १९३५ रोजीं डॉर्सेटमधील आपल्या घराजवळच्या सडकेवरून तो 'ब्रफ सुपीरियर' गाडीवर चालला होता. पुढें सायकलीवर दोन मुलें होतीं. त्यांना वांचविण्यासाठीं त्यानें गाडी एकदम वळविली आणि तो फेकला गेला. डोक्यास जबर मार बसून ६ दिवसांनीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं तो मरण पावला. त्याच्या डोक्यावर कांहींही नव्हतें.

लॉरेन्सच्या उपचारासाठीं बोलाविलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या मनांतून तो प्रसंग गेला नाहीं. पुढें ते ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धांत काळोख्या सडकांवरून सैन्याचे निरोपे फटफटीवरून धांवूं लागले, तेव्हां डोकें फुटलेले तरुण त्यांच्याकडे वरचेवर येऊं लागले. १९४१ सालीं त्यांनीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें फटफटीवरील २,२७९ माणसें रस्त्यांवर मेलीं होतीं. ज्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण होतें त्यांच्या डोक्याच्या इजा मात्र सौम्य आढळल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सैन्यांतील निरोप्यांवर हेल्मेटची सक्ती झाली, आणि मृत्यु घटल्याचें केर्न्स यांनीं १९४६ सालीं आंकड्यांनिशीं दाखविलें. १९५२ सालीं ते वारले. परंतु सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकास हेल्मेट सक्तीचें होण्यास १९७३ साल उजाडावें लागलें. सत्य सांपडणें एक, आणि तें लोकांच्या डोक्यांत, किंबहुना डोक्यावर, उतरणें दुसरें!

आतां आपल्या पुण्याकडे येऊं. माझ्या लहानपणीं हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. पेठांतील बोळ घातले तेव्हां ते पायीं चालणारासाठीं आणि फार तर घोड्या-पालखीसाठीं होते. सायकल त्यांत सामावून गेली. मद्रासेस १९५५ पासून बुलेट आणि मैसुरास १९६१ पासून जावा तयार होऊं लागली. परंतु त्या गाड्या शिक्षक-कारकुनांच्या आवांक्यांतल्या नव्हत्या. पुण्याजवळ आकुर्डी येथें बजाजचा कारखाना निघाला. इटलीच्या पियाजिओ कंपनीशीं १९६० सालीं करार होऊन तेथें व्हेस्पा बनूं लागली, आणि १९७२ सालीं राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव घेऊन 'चेतक' स्कूटर आली. त्याच वर्षीं फिरोदिया यांची 'लूना' निघाली. स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें थांबत. शहर कोथरूड-हडपसराकडे पसरलें, कारखाने पिंपरी-चिंचवडास गेले, बसची वाट पाहण्यांत सकाळ सरूं लागली. अशा वेळीं मध्यम स्थितींतील कुटुंबास दुचाकी म्हणजे चैन नव्हे, गरज होती. पुढें मूल उभें, मागें एका बाजूस पाय सोडून पत्नी, तिच्या मांडीवर धाकटें, असा संसार एका स्कूटरवरून जातांना आपण सर्वांनीं पाहिला आहे. १९८५ पासून थोड्या पेट्रोलांत पुष्कळ पळणाऱ्या 'हिरो होंडा' सारख्या मोटारसायकली आल्या, आणि सायकलींची जागा दुचाक्यांनीं घेतली.

येथें माझाच एक अनुभव सांगतों. मॅट्रिक होऊन मी मास्तरकींत शिरलों तेव्हां शाळेस सायकलीनें जात असें. एके पावसाळी सकाळीं मालानें भरलेला ट्रक मागून हॉर्न वाजवीत आला. मी भिऊन सडकेखालीं उतरलों आणि चिखलांत आडवा झालों. मुलांच्या तपासलेल्या वह्या भिजल्या. ट्रक थांबला नाहीं. तो संताप माझ्या मनांत कित्येक वर्षें होता.

पुढें मींही स्कूटर घेतली. एके दिवशीं शाळेस उशीर झाला होता. बोळांत पुढें एक मुलगा सायकलीवर चालला होता. मीं हॉर्न दाबला, आणि तो बाजूस होण्यापूर्वींच जवळून गाडी काढली. तो दचकला आणि गटाराच्या कडेस पडला. मी थांबलों. मुलगा उठला, गुडघा रक्ताळलेला. माझ्याच वर्गांतला निघाला. मी कांहीं बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, "सर, चुकलं माझं."

श्रोतेहो, त्याचें कांहींएक चुकलें नव्हतें. चूक माझी होती, आणि क्षमा तो मागत होता. मीं त्याला उचलून दवाखान्यांत नेलें, त्याच्या आईवडिलांस सारें सांगितलें; तरी तें वाक्य माझ्या कानांतून अद्यापि गेलेलें नाहीं. ट्रकवाल्यास मी जन्मभर दूषणें दिलीं, आणि वाहन बदलतांच मीच ट्रकवाला झालों. मनुष्याची नीति त्याच्या वाहनाबरोबर अशी बदलावी काय?

२०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, असें सरकारी अहवाल सांगतो. त्यांपैकीं शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं आणि शेंकडा १९.५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यु अंगाभोंवतीं लोखंडाची भिंत नसलेल्यांचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हेल्मेट आवश्यक केलें आहे. परंतु आमच्या पुण्यांत त्या सक्तीस वेळोवेळीं विरोधच झाला. उकडतें, मान दुखते, बाजूचें दिसत नाहीं, या तक्रारी मीही केलेल्या आहेत. परंतु निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून शास्त्रज्ञांनीं काढलेला हिशेब असा कीं, हेल्मेटमुळें मृत्यूचा संभव सुमारें शेंकडा ४२ आणि डोक्याच्या इजेचा सुमारें शेंकडा ६९ नीं कमी होतो. त्यापुढें मानदुखीचें कौतुक किती करावयाचें?

तथापि हेल्मेट हें माझ्यासाठीं आहे. दुसऱ्यासाठीं काय? त्यासाठीं बाजारांत कोणतीही वस्तु मिळत नाहीं. तेथें वाट देण्याची वृत्तिच हवी. मोठ्या वाहनाच्या चालकानें हें लक्षांत ठेवावें कीं, बाजूचा दुचाकीवाला एका धक्क्यानें संपतो. दुचाकीवाल्यानें हें ओळखावें कीं, उंच बसलेल्या बस-ट्रकच्या चालकास डाव्या हाताखालचें फार थोडें दिसतें. वळत्या बसच्या डावीकडून घुसणें म्हणजे न दिसणाऱ्या जागीं जाऊन उभें राहणें होय. आणि त्याच दुचाकीवाल्यानें पदपथ व पांढरे पट्टे पायीं चालणारासाठीं मोकळे ठेवावे. आपल्याहून मोठ्याकडून ज्या सौजन्याची आपण अपेक्षा करतों, तेंच आपल्याहून लहानास द्यावें. यापलीकडे रस्त्याचें दुसरें नीतिशास्त्र मला ठाऊक नाहीं.

आज संध्याकाळीं आपणांपैकीं पुष्कळजण त्याच चौकांतून घरीं येतील. कोपऱ्यावर कोणी वृद्ध पिशवी घेऊन उभा असेल. तांबड्या दिव्याशीं गाडी पट्ट्याच्या अलीकडे थांबवावी, आणि दिवा हिरवा झाला तरी तो मध्यावर असल्यास त्यास पलीकडे पोहोंचूं द्यावें. आपला फार तर अर्धा मिनिट जाईल. माझ्या विद्यार्थ्याची क्षमा मला त्या वेळीं नीट मागतां आली नाहीं. ती आज आपणां सर्वांसमक्ष मागून आपली रजा घेतों.