खेळांची सुवर्णनाणी आणि त्यांची पारख



कीर्तिवंत खेळाडूला आपण 'नाणावलेला' म्हणतो. कर्नल सी. के. नायडूंच्या या इंदुरात हा शब्द आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकला. या शब्दाच्या पोटात नाणे आहे. तेही पारखून, वाजवून घेतलेले. खेळांच्या स्मरणार्थ पाडलेल्या सुवर्णनाण्यांविषयी आज बोलावेसे वाटले, याचे कारण असे की त्या पारखीत मी स्वतः एकदा चुकलो आहे.

कॅनडात स्थायिक झालेला माझा एक विद्यार्थी निवर्तला. 2009 साली त्याचे दोन्ही मुलगे इंदुरास आले आणि घरातील वडील माणूस म्हणून वाटणी त्यांनी माझ्यावर सोपविली. वडिलांनी जपलेली दोन सोन्याची नाणी तीत होती. दोहोंवर 1976 हे साल, माँट्रिऑल ऑलिम्पिकचे तेच चित्र आणि 100 डॉलर हीच किंमत. एक आकाराने किंचित मोठे होते. मोठे थोरल्याला, लहान धाकट्याला, असा निवाडा मी देऊन टाकला. हातात तोलून पाहण्याचेही मला सुचले नाही.

सराफाच्या काट्याने माझे अज्ञान उघडे पाडले. 27 मिलिमीटर व्यासाचे मोठे नाणे चौदा कॅरेटचे, वजन 13.34 ग्रॅम, त्यात शुद्ध सोने पाव औंस, म्हणजे आठ मासे. 25 मिलिमीटरचे लहान नाणे बावीस कॅरेटचे, वजन 16.97 ग्रॅम; त्यात सोने अर्धा औंस, म्हणजे एक तोळा चार मासे. दर्शनी किंमत एकच, सोने मात्र दुप्पट!

असे का व्हावे, याचे उत्तर इतिहासात आहे. ऑलिम्पिक नाण्यांची आधुनिक परंपरा फिनलंडने हेलसिंकीच्या 1952 च्या खेळांसाठी काढलेल्या चांदीच्या नाण्यापासून सुरू होते. कॅनडाने तिला द्रव्यसंचयाचे साधन केले. 1973 च्या कायद्याने नाणी, टपाल तिकिटे आणि सोडत यांतून खेळांचा खर्च उभारण्याचे ठरले. आधी चांदीची अठ्ठावीस नाणी निघाली, मग सोन्याची. साध्या ग्राहकासाठी हलक्या कसाचे, संग्राहकासाठी भारी कसाचे. ही नाणी लाखांनी पाडली गेली. म्हणून त्यांना दुर्मिळतेचे मोल फारसे आले नाही. त्यांचा भाव सोन्यामागे चालतो. खर्चाचा मेळ तर बसला नाहीच. क्रीडागाराचे कर्ज फिटायला 2006 साल उजाडले.

लॉस एंजेलिसच्या 1984 च्या खेळांसाठी अमेरिकेने 10 डॉलरचे सुवर्णनाणे काढले, तेव्हा प्रत्येक नाण्यामागे 50 डॉलर ऑलिम्पिक निधीसाठी घेतले. सोने सर्वांत सारखेच. पण वेस्ट पॉइंट टांकसाळीची लकाकीदार 'प्रूफ' नाणी 3,81,085 आणि फिलाडेल्फियाची अवघी 33,309. फरक केवळ एका अक्षराचा, पण संग्राहक मोजतो त्या अक्षरालाच.

तात्पर्य, अशा नाण्याची मोले चार : दर्शनी, धातूचे, दुर्मिळतेचे आणि स्मृतीचे. पहिले कोरलेले असते, दुसरे काट्यावर कळते, तिसरे टांकसाळीच्या आकड्यांत सापडते. घेताना आपण यांपैकी कशाचे पैसे देत आहोत, हे ज्याने स्वतःला विचारले नाही, त्याने संग्राहक म्हणवून घेऊ नये.

आणि चौथे मोल? ज्या माँट्रिऑलात हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि आपला संघ सातवा आला, तेथली ती नाणी त्या विद्यार्थ्याने का जपली असावीत, हे त्याच्या मुलांना ठाऊक होते; वडील त्या सामन्यांविषयी हळहळून बोलत. चूक कळताच धाकट्याने चार मासे सोन्याची किंमत थोरल्याच्या हाती ठेवली. माझा निवाडा असा दुरुस्त झाला. नाणी मात्र दोघांपैकी कोणीच विकली नाहीत.