विडीची छाप : जबलपूरच्या एका लहान धंद्याची कथा

व्यापाराचा इतिहास सांगू लागले की गलबते, गिरण्या आणि पेढ्या यांचीच वर्णने पुढे येतात. लहान दुकानदाराला त्या इतिहासात जागा मिळत नाही. वास्तविक पाहता, दुकानासमोरून रोज जाणाऱ्या माणसाचे पाऊल आपल्या उंबऱ्याशी कसे थबकेल, हा प्रश्न गलबत समुद्रात लोटण्याइतकाच बिकट आहे. जबलपूर शहराने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ते उत्तर एका अगदी क्षुद्र वस्तूच्या रूपाने मिळाले. ती वस्तू म्हणजे विडी.

नर्मदेपासून थोड्याच अंतरावर वसलेले हे शहर मराठी माणसाला अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख प्रथम सागरकर मराठ्यांच्या आणि नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८१७ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत जबलपूर व नागपूर एकाच कारभाराखाली नांदली. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून निघालेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपूरला मिळाले, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन महानगरे प्रथमच रेल्वेने जोडली गेली. लष्करी छावणीचे हे गाव एकदम हमरस्त्यावर आले.

या शहरातील उद्योगांचे दोन प्रकार पाडता येतील. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक आधीच ठरलेले असे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या काळात, १८३० नंतरच्या दशकात, शरण आलेल्या ठगांसाठी येथे एक उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे तयार होणारे तंबू आणि सतरंज्या दूरवर नावाजल्या गेल्या. परंतु तंबू घेणारा सरकारी अधिकारी किंवा लष्करी पलटण असे. बाजारात उभे राहून त्यांना हाका मारण्याचे कारण नव्हते. १९०४ साली उभ्या राहिलेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याची गोष्टही तीच. दुसऱ्या प्रकारच्या धंद्याला मात्र रोज सकाळी नव्याने गिऱ्हाईक शोधावे लागे. विडीचा धंदा या दुसऱ्या प्रकारातला.

विडी ही काही जबलपूरने शोधून काढलेली वस्तू नव्हे. विडा आणि विडी या शब्दांचे नाते उघड आहे. पानात काही गुंडाळून तोंडाशी न्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत होय. महाराष्ट्रात आणि गुजरातेत आपट्याच्या पानाची विडी वळत. दसऱ्याला सोने म्हणून वाटले जाणारे पान एरवी धुरात जाई. शेतकरी बांधावर बसून, कनवटीची चिमूटभर तंबाखू काढून, जवळच्या झाडाचे पान खुडून आपली विडी आपणच वळी.

येथेच व्यापाऱ्यापुढची खरी अडचण दिसून येते. जी वस्तू माणूस विनासायास स्वतः करू शकतो, ती त्याने पैसे मोजून का घ्यावी? पीठ विकणाऱ्याने जात्याच्या घरी जावे, तसाच हा प्रकार होता.

१८९९-१९०० साली गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला. विक्रम संवत् १९५६ मध्ये पडल्यामुळे तो तिकडे ‘छप्पनियो’ या नावाने आजही ओळखला जातो. त्या संकटात अनेक कुटुंबे पोटामागे मध्यप्रांतात आली. रेल्वेच्या कामांवर वावरताना त्यांच्यापैकी काहींच्या नजरेस येथील तेंदूचे पान आले. विदर्भात ज्याला टेंभुर्णी म्हणतात तोच हा वृक्ष. त्याचे पान आपट्याच्या पानापेक्षा मोठे, लवचिक, वाळल्यावर चटकन न फाटणारे आणि धुराला स्वतःचा उग्र वास न देणारे. सातपुडा व विंध्याच्या रानांत ते अमाप मिळे. १९०२ च्या सुमारास मोहनलाल आणि हरगोविंददास या दोघा गुजराती गृहस्थांनी जबलपुरात विडीचा धंदा मांडला. पुढे त्यांच्या जोडनावाची पेढी मध्यप्रांतातील विडीव्यवसायाच्या अग्रभागी आली. याच शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून सातपुड्याच्या रानांतून जबलपूरपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली, आणि पान, माणूस व बाजारपेठ यांची गाठ पक्की पडली. गोंदिया, भंडारा, सागर, दमोह या सर्व भागांत विडीचा व्यवसाय पसरला, त्याला हे भौगोलिक कारण आहे.

परंतु पान मिळाले म्हणून गिऱ्हाईक मिळत नाही. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी विडीवाल्यांनी जे उपाय योजले, त्यांत फार मोठी कल्पकता दिसत नाही. मात्र माणसाची ओळख दिसते.

पहिला उपाय वेळेचा. बांधावरच्या शेतकऱ्याला विडी वळायला सवड होती. स्टेशनावरच्या हमालाला, कारखान्यातल्या कामगाराला आणि टांगेवाल्याला ती नव्हती. भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला तयार वस्तू हवी होती. जबलपूरसारख्या जंक्शनात आणि छावणीत अशा माणसांची वाण नव्हती. म्हणजे नवे गिऱ्हाईक निर्माण करावे लागले नाही. ते रेल्वेने आणि कारखान्यांनी आधीच निर्माण केले होते. विडीवाल्याने ते ओळखले, एवढेच.

दुसरा उपाय किमतीचा आणि मापाचा. विडीचे बंडल पंचवीसच्या आसपास विड्यांचे असे. पण ज्याच्या खिशात एकच नाणे आहे त्यालाही पानवाला सुट्या दोन-चार विड्या देई. दुकानाच्या खांबाला काथ्याची पेटती दोरी टांगलेली असे. आगकाडीचा खर्च नको, मागण्याचा संकोच नको. यावे, दोरीला विडी टेकवावी, दोन शब्द बोलावे आणि पुढे जावे. त्या दोरीने किती गिऱ्हाइके बांधून ठेवली याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही. परंतु ती फुकटची ठिणगी दुकानदाराला महाग खासच पडली नाही.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा, आणि तो म्हणजे छाप. हाताने वळलेली प्रत्येक विडी वेगळी. आज घेतलेली विडी नीट ओढली गेली, उद्याची विझली, तर गिऱ्हाईक पुन्हा आपल्या चंचीकडे वळणार. तेव्हा कालचीच विडी आज मिळते आहे, अशी खात्री त्याला पटवून देणे आवश्यक होते. गिऱ्हाईक बहुधा निरक्षर. त्यामुळे कागदावर नावाबरोबर चित्र आले. वाघ, सिंह, हत्ती, पोपट, देवदेवता, घड्याळ, अंक, प्रसंगी खुद्द मालकाची पगडीधारी तसबीर, अशी चित्रे असलेले झगझगीत कागद बंडलांवर चढले. बांधायच्या दोऱ्याच्या रंगालाही अर्थ आला. ज्याला अक्षर लागत नाही तो चित्राचे नाव घेऊन मागणी करू लागला. आठवडी बाजारात आणि जत्रांत गाणे-बजावणे करून छापेचा पुकारा होऊ लागला, आणि तमाशाला जमलेल्या घोळक्यात नमुन्याच्या विड्या वाटल्या जाऊ लागल्या.

छापेला किंमत आली म्हणजे तिची नक्कल होणे क्रमप्राप्तच असते. वाघाच्या शेजारी दुसरा वाघ उभा राही. फरक फक्त शेपटीच्या वळणाचा. मालावरील खोट्या खुणांविरुद्ध १८८९ सालचा कायदा होता. पण व्यापारचिन्हांची रीतसर नोंद करणारा कायदा हिंदुस्थानात १९४० सालीच झाला. तोपर्यंत छापेचे संरक्षण न्यायालयाइतकेच गिऱ्हाइकाच्या नजरेवर अवलंबून होते. आणि छाप पूर्णपणे मालकाची कधीच नसते, हेही खरे. पुण्याकडील एका प्रसिद्ध विडीवर संभाजी महाराजांचे नाव अनेक वर्षे होते. २०२० साली लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि उत्पादकांना ते नाव सोडून देण्याचा निर्णय घ्यावा लागला. कायद्याच्या वहीत नाव कोणाचे आहे हा एक प्रश्न. लोकांच्या मनात ते कोणाचे आहे हा दुसरा.

१९२० नंतरच्या असहकाराच्या काळात या धंद्याला अनपेक्षित साह्य मिळाले. विलायती सिगारेट टाकून देशी विडी ओढणे हे स्वदेशीचे लक्षण मानले जाऊ लागले. १९२३ सालच्या झेंडा सत्याग्रहाचा आरंभ जबलपुरातच झाला. १९३९ साली शहराजवळच त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अशा गावी स्वदेशीचा पुकारा व्यापाराला उपकारक ठरावा यात आश्चर्य नाही. तथापि ज्यांच्या नावाने हा पुकारा होत होता त्या गांधीजींना धूम्रपान मुळीच मान्य नव्हते. बालपणी धूम्रपानासाठी नोकराच्या खिशातले पैसे चोरल्याची कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. गिऱ्हाइकाला ओढून आणणारी भावना थोर असली म्हणजे वस्तूही थोर होते, असे नाही.

येथवरची कथा दुकानाच्या दर्शनी बाजूची झाली. मागील दाराशी वेगळेच दृश्य होते. प्रत्येक विडी सारखी असावी हे वचन कागदावरच्या वाघाने दिले; ते पाळण्याचे काम ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे आले. पान भिजवावे, साच्याने कापावे, तंबाखू पसरून वळावे, दोरा गुंडाळावा, तोंड मुडपावे; असे हजार वेळा केले म्हणजे एका हजाराची मजुरी. सट्टेदार पान आणि तंबाखू देई व विड्या मोजून घेई. ज्या पसंत पडत नसत त्या ‘छाट’ म्हणून बाजूला निघत. त्यांची मजुरी मिळत नसे, आणि पुष्कळदा विड्याही परत मिळत नसत. छापेवरील विश्वासाची किंमत अशा रीतीने गिऱ्हाईकही देत नव्हते आणि मालकही देत नव्हता. ती छाटीच्या रूपाने वळणाऱ्याच्या पदरी पडत होती.

या मागील दाराकडे शासनाचे लक्ष हळूहळू गेले. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील कामगार-चौकशी समितीने १९४६ साली विडीकामगारांच्या स्थितीवर स्वतंत्र अहवाल दिला. १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने एक चमत्कारिक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठराविक गावांत ठराविक काळ विडी वळण्यासच बंदी करण्याचा अधिकार त्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला. सागर जिल्ह्यातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९५० मध्ये, राज्यघटना अमलात येऊन वर्षही झाले नव्हते तोच, न्यायालयाने हे बंधन अवाजवी ठरवले. ज्याला शेतात काम करणेच शक्य नाही अशा वृद्धाचा वा पंगूचा घरबसल्या मिळणारा घास काढून घेण्याचे कारण काय, हा त्यातील मर्म्याचा मुद्दा. ‘वाजवी निर्बंध’ या शब्दांचा अर्थ शिकताना कायद्याचे विद्यार्थी आजही या विडीच्या खटल्यापासून आरंभ करतात. पुढे १९५८ साली सागरच्याच दुसऱ्या एका प्रकरणात सट्टेदार हा कारखान्याचा ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय झाला. मग सट्टेदाराच्या हाताखाली घरी बसून वळणाऱ्या बाईला कारखाना-कायद्याचा आधार कोठून मिळावा? ही पोकळी भरून काढण्यासाठी १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९७६ साली कल्याणनिधीची तरतूद झाली. दरम्यान १९६४ साली मध्यप्रदेशाने तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला होता. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक प्रमाण बोरा, हे माप रानातल्या प्रत्येक संग्रहकेंद्रावर रूढ झाले.

कायदे झाले म्हणून सर्व अन्याय मिटला, असे म्हणता येणार नाही. शासकीय नोंदीप्रमाणे देशातील विडीकामगारांची संख्या पन्नास लाखांच्या घरात जाते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तंबाखूची धूळ त्यांच्या श्वासातून जाते. धूर ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. विडी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी आहे हा समज वैद्यकशास्त्राने खोटा ठरवला आहे. तेव्हा या धंद्याच्या यशाचे निर्भेळ कौतुक करणे कठीण, आणि तो एका फटकाऱ्याने बंद करा असे त्या सूप घेतलेल्या बाईला सांगणे त्याहून कठीण. तिच्या हाताला दुसरे काम मिळेपर्यंत या दोन अडचणींमध्येच शासनाला वाट काढावी लागणार आहे.

लहान धंदेवाल्याने या कथेतून काय घ्यावे? गिऱ्हाईक ओळखावे, त्याचा वेळ आणि खिसा पाहावा, माल कालच्यासारखाच आज द्यावा, हे तर घ्यावेच. जबलपूरच्या बाजारात ते खरे ठरले आहे. पण दिलेला शब्द कोणाच्या श्रमावर पाळला जातो आणि घेणाऱ्याच्या पदरात अखेर काय पडते, हे दोन हिशेबही त्याच वहीत मांडावेत. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर धोक्याचे चित्र छापणे सक्तीचे झाले, आणि एप्रिल २०१६ पासून विडीच्या बंडलावरही त्या सूचनेने पंचाऐंशी टक्के जागा व्यापली. निरक्षर गिऱ्हाइकाला जवळ बोलावण्यासाठी ज्या कागदावर एके काळी वाघ आणि पोपट उभे राहिले, त्याच कागदावर आता त्याच निरक्षर गिऱ्हाइकाला सावध करणारे चित्र आहे. जुनी छाप उरलेल्या पट्टीत अंग चोरून उभी आहे.