स्वभावाचे सांचे



मनुष्याला मनुष्याविषयीं जितकें कुतूहल आहे, तितकें दुसऱ्या कोणत्याहि वस्तूविषयीं नसावें. शेजारीं नवें बिऱ्हाड आलें कीं चार दिवसांच्या आंत आपण निकाल देऊन मोकळे होतों. गृहस्थ घुमे आहेत, बाई बोलक्या आहेत, थोरला मुलगा तापट दिसतो! माणसांची अशी वर्गवारी करण्याची हौस फार जुनी आहे. तिचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे; कारण त्या इतिहासांत आपल्या स्वतःविषयीं कांहीं शिकण्यासारखें आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ग्रीस देशांत थिओफ्रास्टस नांवाचा पंडित होऊन गेला. हा ॲरिस्टॉटलचा शिष्य, आणि गुरूच्या मागें त्याच्या विद्यापीठाचा प्रमुखहि तोच झाला. वनस्पतींवर त्याचे मोठे ग्रंथ आहेत. परंतु येथें आपल्याला काम आहे तें त्याच्या एका लहानशा पुस्तिकेशीं. तींत ३० प्रकारच्या माणसांचीं शब्दचित्रें आहेत. कोणी खुशामत्या, कोणी बडबड्या, कोणी भित्रा, कोणी बढाईखोर. त्यांतील कवडीचुंबकाच्या बायकोच्या हातून एक क्षुद्र नाणें पडलें, तर तो पलंग, पेट्या हलवून सारें घर उलटेंपालटें करतो. शकुनवेड्याला मुंगुसासारखा दिसणारा एक लहान प्राणी आडवा गेला, तर दुसरा कोणी त्या वाटेनें जाईपर्यंत, किंवा आपण स्वतः तीन दगड पलीकडे फेकीपर्यंत, तो पुढें पाऊल टाकीत नाहीं. त्या प्राण्याच्या जागीं मांजर ठेवलें कीं हा गृहस्थ पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर आजहि भेटतो. गंमत अशी कीं, तिसांच्या तीसहि चित्रांत दोषच आहेत. सद्गुणी असा एकहि नाहीं.

वैद्यांना मात्र हसून भागण्यासारखें नव्हतें. त्यांना स्वभावाचें कारण हवें होतें. ग्रीक वैद्यांनीं तें शरीरांतील चार द्रवांत शोधलें. रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त यांच्या कमीअधिक प्रमाणानें माणूस उल्हासी, मंद, तापट किंवा खिन्न होतो, ही उपपत्ति दुसऱ्या शतकांतील गॅलन या वैद्याच्या अधिकारामुळें युरोपांत शतकानुशतकें मान्य होती. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानांत वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृतीचे भेद सांगितले आहेत. वातप्रकृतीचा मनुष्य बोलका, कामाला झटकन् हात घालणारा, ऐकलेलें लवकर उचलणारा, परंतु तितक्याच लवकर विसरणारा, असें तेथील वर्णन आहे. आजच्या शरीरशास्त्रानें त्या चार द्रवांची उपपत्ति सोडून दिली आहे. तथापि वैद्यांचा हेतु लक्षांत ठेवण्यासारखा होता. रोग्याची प्रकृति ओळखावी, ती याकरितां कीं त्याला योग्य तें अन्न व औषध देतां यावें.

महाराष्ट्रांत या विषयाचा सर्वांत परखड ग्रंथकार म्हणजे श्रीसमर्थ रामदास. दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खलक्षण आणि उत्तमलक्षण आहे, तिन्ही गुणांचें निरूपण आहे, आणि दशकाच्या अखेरीस पढतमूर्ख आहे. घरोघर हा समास वाचला जातो, आणि वाचतांना बहुतेकांना शेजारीपाजारी किंवा आपले व्याही आठवतात! परंतु हीं मूर्खलक्षणें त्याग करण्यासाठीं सांगितलीं आहेत, असें समर्थांनीं समासाच्या शेवटीं स्पष्ट म्हटलें आहे. जो दोष आपण दुसऱ्याला लावतों तोच आपल्यापाशीं आहे हें ज्याला कळत नाहीं, त्याची गणना त्यांनीं पढतमूर्खांत केली आहे. यादी वाचणाऱ्यालाच यादींत बसविणारा असा शिक्षक विरळा.

विसाव्या शतकांत हा विषय मानसशास्त्राकडे आला. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याचा प्रकृतिभेदांवरील ग्रंथ १९२१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि अंतर्मुख व बहिर्मुख हे शब्द जगभर रूढ झाले. या ग्रंथाचें मूळ मोठें उद्बोधक आहे. फ्रॉइड आणि ॲडलर हे दोघे थोर पंडित मनोविकारांचीं अगदीं निराळीं कारणें देत असत. युंग विचार करूं लागला कीं, दोघेहि विद्वान् असतांना हा मतभेद कां? त्याला असें दिसलें कीं, दोघांचे स्वभावच भिन्न आहेत, आणि ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची उपपत्ति. म्हणजे माणसाला पारखणारा पारखतांना स्वतःलाहि प्रकट करीत असतो.

पुढें अमेरिकेंत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल मायर्स यांनीं युंगच्या विचारावरून प्रश्नावली बनवून माणसांचे १६ प्रकार पाडले. नोकरीच्या ठिकाणीं, शिक्षणसंस्थांत ती आजहि भरून घेतात. परंतु कांहीं आठवड्यांनीं तीच प्रश्नावली पुन्हां भरली असतां बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. म्हणून आजचे संशोधक कप्पे करण्याऐवजीं गुण कमीअधिक प्रमाणांत मोजतात. उंची जशी कोणाची कमी, कोणाची अधिक, पण बहुतेकांची मध्यम असते, तसेंच अंतर्मुखतेचेंहि आहे.

मग स्वतःचें वर्णन वाचून आपण ‘अगदीं बरोबर!’ असें कां म्हणतों? १९४८ सालीं बर्ट्राम फोरर या अमेरिकन प्राध्यापकानें ३९ विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन प्रत्येकाला त्याचें स्वभाववर्णन दिलें, आणि तें किती जुळतें याला पांचपैकीं गुण देण्यास सांगितलें. सरासरी ४.२६ आली. नंतर कळलें कीं, सर्वांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तो फलज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकांतून जमविलेला होता! आपल्याला समजून घेणारें कोणी असावें, ही भूक त्या ३९ जणांप्रमाणें आपल्या सर्वांनाच असते.

येथपर्यंत हा खेळ निरुपद्रवी वाटेल. परंतु सांच्याचा जेव्हां शिक्का होतो, आणि तो मारणारा हात सत्तेचा असतो, तेव्हां काय होतें, हें आपल्या देशानें पाहिलें आहे. १८७१ सालीं ब्रिटिश सरकारनें कायदा करून कित्येक जमातींना गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. त्या कायद्याखालीं माणसाचा स्वभाव त्याच्या जन्मावरून ठरे. पाळण्यांतील मूलहि त्यांतून सुटत नसे. हजेरी लावल्याशिवाय आणि परवान्याशिवाय त्यांना फिरण्याची मुभा नसे. आपल्या सोलापुरांत तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तो कायदा १९५२ सालीं देशभर रद्द झाला. पण लोकांच्या मनांतील शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाहीं.

शाळेंत एवढें मोठें शस्त्र कोणाच्या हातीं नसतें, तरी प्रगतिपुस्तकांतील शेऱ्याची रकाना असतो. आम्हां शिक्षकांना तेथें ‘आळशी’ हा एक शब्द लिहावयास क्षणहि लागत नाहीं. बाप तो वाचतो, पुढील इयत्तेचा शिक्षक वाचतो, आणि अखेरीस मुलगाहि तो खरा मानूं लागतो. त्याऐवजीं ‘गणितांत लक्ष देत नाहीं, चित्रकलेंत रमतो’ असें लिहिलें तर दोन ओळी अधिक लागतात, परंतु मुलाला बदलण्यास जागा राहते.

तात्पर्य, स्वभावाचे सांचे टाकाऊ नाहींत. वैद्याप्रमाणें उपाय शोधण्यासाठीं, किंवा समर्थांनीं सांगितल्याप्रमाणें स्वतःचे दोष टाकण्यासाठीं ते वापरावे. दुसऱ्यावर ते लावण्याची इच्छा झाली, तर आधीं एकदां स्वतःला लावून पाहावे. तेथें ते पुरतेपणीं बसत नाहींत असें आढळेल. आपल्याप्रमाणेंच शेजाऱ्यालाहि ते कोठेंतरी अपुरे पडत असले पाहिजेत, हें त्यावरून कळलें, तरी या जुन्या हौसेचें सार्थक झालें असें मी समजेन.